पीएसएची अँटिबॉडी एलायझात चालते, मग वेस्टर्न ब्लॉटमध्ये का चालत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पीएसए, म्हणजे प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन, ओळखणारी उंदराची मोनोक्लोनल (प्रथिनावरची एकच जागा ओळखणारी) अँटिबॉडी विकत घेतली. एलायझात, म्हणजे प्लेटवर अँटिबॉडीने प्रथिन पकडून रंगावरून मोजायच्या चाचणीत, ती व्यवस्थित चालते. वेस्टर्न ब्लॉट केला, म्हणजे प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करून, मेम्ब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने शोधली, की एलएनकॅप या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींच्या लायसेटमध्ये (पेशी फोडून काढलेल्या द्रवात) तीस किलोडाल्टनच्या, म्हणजे पीएसएच्या वजनाच्या, आसपास काहीच दिसत नाही. माणसाच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) पन्नासला ठळक आणि नव्वदच्या जवळ फिकट बँड येतो. उंदराचा प्रोस्टेट पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे जिथे बँड यायलाच हवा असा नमुना, म्हणून लावला होता, तोही कोरा. अँटिबॉडी खराब आहे का, आणि नवी घ्यायची तर काय बघून घ्यावी?

परत पाठवायची घाई करू नका. तुम्ही लिहिलेल्यापैकी एकही गोष्ट अँटिबॉडी खराब असल्याचा पुरावा नाही. पीएसए हे एकच प्रथिन असलं तरी ते नमुन्यागणिक वेगवेगळ्या रूपात सापडतं, आणि तुमची अँटिबॉडी त्यातलं एखादंच रूप धरत असेल. त्यामुळे "पीएसएसाठी चांगली अँटिबॉडी कोणती" या प्रश्नाला उत्तरच नाही. कोणत्या नमुन्यातलं, कोणत्या अवस्थेतलं पीएसए बघायचंय ते आधी ठरवलं की उत्तर निघतं.

सगळ्यात सोपं आधी संपवू. उंदराला पीएसए नसतं. केएलके३ हे त्याचं जनुक माणसात, वानरांत आणि काही माकडांत आढळतं. उंदराकडे कॅलिक्रीन कुटुंबातली जनुकं भरपूर आहेत, पण केएलके३ चा जोडीदार त्यात नाही. कुत्र्यातही नाही, तिथे प्रोस्टेटमधून आर्जिनिन एस्टरेज नावाचं वेगळं एन्झाइम येतं. म्हणजे तुमचा कोरा पॉझिटिव्ह कंट्रोल हा खरंतर उत्तम निगेटिव्ह कंट्रोल ठरला. डेटाशीटवर "उंदीर: चालते" असं लिहिलेली पीएसए अँटिबॉडी दिसली तर मी ती घेत नाही. ज्या प्राण्यात प्रथिनच नाही तिथे बँड दाखवणाऱ्या विक्रेत्याच्या बाकीच्या चित्रांवर तरी का विश्वास ठेवायचा? याच गोष्टीचा एक फायदाही आहे. एलएनकॅपच्या गाठी उंदरात वाढवल्या तर त्या उंदराच्या रक्तात सापडणारं सगळं पीएसए त्या मानवी गाठीचंच असतं. रक्ताचा थेंब घेऊन गाठ वाढतेय की आक्रसतेय याचा अंदाज येतो, उंदीर मारावा लागत नाही.

आता सीरम. इथे कागद-पेन्सिल घेऊन हिशोब करा, कारण या हिशोबात तुमच्या दोन्ही बँडचं उत्तर दडलंय. सीरममध्ये एकूण प्रथिन साधारण ७० मिलिग्रॅम प्रति मिलिलीटर असतं. जेलच्या एका लेनमध्ये (रांगेत) ५० मायक्रोग्रॅम प्रथिन भरलं, तर प्रत्यक्षात पाऊण मायक्रोलीटरहून थोडं कमी, म्हणजे ०.७ मायक्रोलीटर सीरम लेनमध्ये गेलं. समजा त्या माणसाचं पीएसए ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर आहे. मग लेनमध्ये पीएसए किती? २.८ पिकोग्रॅम. त्याच लेनमध्ये आयजीजी, म्हणजे रक्तातल्या नेहमीच्या अँटिबॉडी, किती? सीरममध्ये ते १० मिलिग्रॅम प्रति मिलिलीटरच्या घरात असतं, म्हणजे ७ मायक्रोग्रॅम. एकाच लेनमध्ये आयजीजी पीएसएच्या २५ लाखपट आहे. तुमची सेकंडरी अँटिबॉडी (पहिल्या, म्हणजे प्रायमरी अँटिबॉडीला चिकटून सिग्नल देणारी) उंदराच्या आयजीजीविरुद्धची आहे, पण माणसाचं आयजीजी ती लाखात एका प्रमाणात जरी ओळखत असली तरी तो सिग्नल पीएसएला पार झाकून टाकेल. रिड्यूस केलेल्या, म्हणजे प्रथिनांतले डायसल्फाइड (गंधकाचे) बंध तोडलेल्या, जेलवर आयजीजीची हेवी चेन, म्हणजे मोठी साखळी, पन्नासला येते. तुमचा ठळक बँड तोच आहे, याबद्दल मला फारशी शंका नाही. खात्री करायची तर एक पट्टी प्रायमरी न घालता फक्त सेकंडरीने डेव्हलप करा. पन्नासचा बँड तसाच आला तर विषय संपला.

नव्वदजवळचा फिकट बँड बघून तुम्हाला आनंद झाला असेल, कारण पुस्तकात तिथेच काहीतरी यायला हवं असं लिहिलेलं असतं. रक्तातलं बहुतेक पीएसए अल्फा-१-अँटिकायमोट्रिप्सिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं आणि ते जोडपं जेलवर साधारण ९० ते १०० किलोडाल्टनला धावतं. हा बंध सहसंयुज असल्यामुळे एसडीएसमध्येही (प्रथिनांची घडी उलगडणाऱ्या साबणासारख्या रसायनातही) टिकतो. हे सगळं खरं आहे. पण दोन-तीन पिकोग्रॅम माल, तोही एवढ्या गर्दीत, साध्या ब्लॉटवर दिसत नाही. तो फिकट बँड दुसऱ्या कशाचा तरी आहे. सीरममध्ये ती जोडी बघायचीच असेल तर आधी एका अँटिबॉडीने बीड्सवर पीएसए ओढून गोळा करा, म्हणजे इम्युनोप्रेसिपिटेशन, आणि मग ब्लॉट करा. ओढायची अँटिबॉडी उंदराची आणि ब्लॉटची सशाची घ्या. दोन्ही उंदराच्या घेतल्या तर ब्लॉटवर पुन्हा हेवी चेन पन्नासला आणि लाइट चेन पंचवीसला उभी राहते, आणि पंचवीस म्हणजे तुमच्या पीएसएच्या अगदी दाराशी. लाइट चेनलाच पीएसए समजून आकृती छापायला निघालेले लोक मी पाहिलेत.

सीरमच्या तुलनेत वीर्याचा नमुना किती सोपा आहे ते बघा. वीर्यात पीएसए साधारण अर्धा ते दोन मिलिग्रॅम प्रति मिलिलीटर असतं, म्हणजे रक्ताच्या काही लाखपट. त्याचं कामच तिथे आहे: सेमिनोजेलिन ही प्रथिनं कापून घट्ट वीर्य पातळ करणं. एक मिलिग्रॅमवाला नमुना शंभरपट पातळ करून एक मायक्रोलीटर भरला तरी लेनमध्ये दहा नॅनोग्रॅम पीएसए असतं. ब्लॉटसाठी खराखुरा पॉझिटिव्ह कंट्रोल हवा असेल तर नैतिक परवानगीने मिळालेलं वीर्यातलं द्रव किंवा विकत मिळणारं शुद्ध केलेलं पीएसए वापरा. पण जेल रिड्यूस केलं तर या नमुन्यात तीसच्या खाली आणखी लहान बँड दिसतील. घाबरू नका. परिपक्व पीएसएत २३७ अमिनो आम्ल असतात आणि वीर्यातल्या पीएसएचा काही भाग १४५ आणि १४६ च्या मधोमध कापलेला असतो. पाच डायसल्फाइड बंध ते तुकडे एकत्र धरून ठेवतात, त्यामुळे रिड्यूस न केलेल्या जेलवर सगळं एकाच जागी दिसतं. डीटीटी हे रिड्यूस करणारं रसायन घातलं की बंध सुटतात आणि तुकडे वेगळे धावतात. नमुना सडला असं समजून फेकून देऊ नका.

आणि इथूनच तुमच्या मुख्य तक्रारीकडे येतो: एलएनकॅप लायसेट कोरा का.

माझा पहिला संशय डीटीटीवर किंवा बीटा-मर्कॅप्टोइथेनॉलवर आहे. एलायझात चांगल्या चालणाऱ्या बऱ्याच मोनोक्लोनल अँटिबॉडी अखंड, घडी नीट असलेलं पीएसए टोचून, त्याच अखंड पीएसएवर निवडलेल्या असतात. त्यांचा एपिटोप, म्हणजे अँटिबॉडी चिकटते ती जागा, ही अमिनो आम्लांची सलग माळ नसते. साखळीत एकमेकांपासून लांब असलेले भाग घडीमुळे शेजारी येतात आणि त्यातून तो तयार होतो. डायसल्फाइड तुटले की घडी जाते, घडी गेली की एपिटोप गेला. तपासायला एक दुपार पुरते. नायट्रोसेल्युलोजच्या तुकड्यावर शुद्ध पीएसएचे तीन ठिपके द्या: एक जसंच्या तसं, दुसरं एसडीएसमध्ये उकळलेलं, तिसरं एसडीएस आणि डीटीटी दोन्हीत उकळलेलं. सुकवा, ब्लॉक करा, नेहमीसारखी अँटिबॉडी लावा. पहिले दोन ठिपके उजळले आणि तिसरा उजळला नाही, तर तुमची अँटिबॉडी ब्लॉटसाठी वापरता येते, फक्त रिड्यूस न करता. पहिला एकटाच आला तर ती ब्लॉटसाठी नाहीच, एलायझासाठी आणि इम्युनोप्रेसिपिटेशनसाठी ठेवा. तिन्ही आले तर दोष तुमच्या पेशींच्या नमुन्यात शोधा.

रिड्यूस केलेला आणि न केलेला नमुना एकाच जेलवर लावणार असाल तर मधे किमान दोन लेन रिकाम्या सोडा, त्यात नुसतं सॅम्पल बफर भरा. डीटीटी शेजारच्या लेनमध्ये पसरतं आणि तुमचा "नॉन-रिड्यूस्ड" नमुना कडेने अर्धवट रिड्यूस होतो. बँड एका बाजूला झुकलेला, पुसट शेपटी असलेला दिसला की कारण बहुधा हेच. आणि डायसल्फाइड शाबूत असलेलं पीएसए जरा घट्ट गुंडाळलेलं असतं, म्हणून थोडं खाली धावतं. रिड्यूस केलेलं तीस ते चौतीसच्या दरम्यान येतं. त्याला लागलेल्या साखरेमुळे बँड जरा जाड आणि पसरट दिसतो, तेही ठीकच.

दुसरा संशय पेशींवर. पीएसए हे स्रवणारं प्रथिन आहे. पेशी ते बनवतात आणि बाहेर टाकतात. लायसेटमध्ये मिळतं ते वाटेत असलेलं. साठा मीडियममध्ये (पेशी वाढतात त्या द्रवात) असतो आणि तो आपण सवयीने शोषून फेकून देतो. शिवाय केएलके३ हे अँड्रोजेनच्या (पुरुषी हॉर्मोनच्या) तालावर चालणारं जनुक आहे. पेशी कोळशाने धुतलेल्या सीरममध्ये दोन-तीन दिवस ठेवल्या असतील तर त्यातले हॉर्मोन गेले आणि पीएसएही घसरलं. डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन किंवा आर१८८१ (दोन्ही अँड्रोजेन) घालून एक डिश आणि न घालता एक डिश, अशी जोडी लावा. दोन्ही डिशमधला फरक तुमच्या अँटिबॉडीचं पहिलं प्रामाणिक प्रमाणपत्र आहे. सोबत पीसी-३ किंवा डीयू१४५ ठेवा. प्रोस्टेटच्या कॅन्सरमधूनच आलेल्या असूनही त्या पीएसए बनवत नाहीत, त्यामुळे निगेटिव्ह म्हणून छान. एलएनकॅप मुळात एका लसिकाग्रंथीत पसरलेल्या गाठीतून काढलेल्या. त्या सावकाश वाढतात, डिशला सैल चिकटतात आणि जोराने धुतलं की निघून जातात. एखाद्या लॅबमधली "एलएनकॅप" भराभर वाढते आणि घट्ट चिकटते असं कळलं, तर मी अँटिबॉडीआधी पेशींची एसटीआर तपासणी (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारी) करायला सांगतो.

मीडियम गोळा करताना शेवटचे चोवीस तास सीरम नसलेलं मीडियम द्या. गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन सासष्टला एवढं फुगतं की लेन वाकडी होते. मग मृत पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवा आणि वरचं द्रव १० किलोडाल्टनच्या फिल्टरवर आटवा. लोडिंग कंट्रोल, म्हणजे सगळ्या लेनमध्ये माल सारखाच भरला का हे दाखवणारं प्रथिन, म्हणून इथे अ‍ॅक्टिन चालत नाही, कारण ते बाहेर नसतंच. मीडियममध्ये अ‍ॅक्टिनचा चांगला बँड आला तर पेशी फुटल्यात असा त्याचा अर्थ. पेशींची संख्या किंवा डिशमधला डीएनए मोजून त्यावर भागा, आणि मेम्ब्रेनवर पॉन्सो (सगळी प्रथिनं दाखवणारा रंग) लावून फोटो काढून ठेवा.

इथवर बँड आला असं धरू. तो पीएसएचाच कशावरून? हा भाग बहुतेक लोक उडवून लावतात, आणि खरी मेख इथेच आहे.

केएलके२ नावाचा पीएसएचा सख्खा भाऊ आहे. दोघांच्या अमिनो आम्लांची मांडणी सुमारे ८० टक्के सारखी. तो त्याच ग्रंथीत, त्याच पेशींत बनतो, तोही अँड्रोजेनने वाढतो, एलएनकॅपमध्येही असतो, पीसी-३ मध्ये नसतो, आणि जेलवर जवळपास तिथेच धावतो. म्हणजे वर सांगितलेले सगळे कंट्रोल, अँड्रोजेनवाली जोडीसुद्धा, केएलके२ ओळखणाऱ्या अँटिबॉडीनेही तितक्याच ऐटीत पास होतील. वेगळं करायचे सोपे मार्ग दोन. एक, रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत जनुकापासून बनवलेलं) केएलके२ आणि केएलके३ समान प्रमाणात शेजारी-शेजारी लावणं. दोन, फक्त केएलके३ बंद करणं. दुसऱ्या मार्गात सायआरएनए (जनुकाचं काम दाबणारा छोटा आरएनए) निवडताना दोन्ही जनुकांचे अनुक्रम समोर ठेवा. साम्य एवढं आहे की निष्काळजीपणे निवडलेला सायआरएनए दोघांनाही खाली ओढतो आणि तुम्हाला वाटतं विशिष्टता सिद्ध झाली.

आता व्यवहार. केएलके२ चं प्रमाण पीएसएच्या काही टक्क्यांतच असतं. त्यामुळे एकूण पीएसए मोजताना अँटिबॉडीने केएलके२ थोडं ओळखलं तरी आकडा फारसा हलत नाही. उलट दिशेने मात्र गोष्ट जीवघेणी होते. केएलके२ मोजायची अँटिबॉडी पीएसएला एक टक्का जरी ओळखत असेल, तरी तिचा निम्मा सिग्नल पीएसएचा असू शकतो. डेटाशीटवरचं "क्रॉस-रिअ‍ॅक्टिव्हिटी १ टक्क्याहून कमी" हे वाक्य वाचताना शेजारचं प्रथिन नमुन्यात किती पट आहे हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. २०१६ मध्ये अँटिबॉडी पडताळणीसाठीच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने पाच मार्ग सुचवले: जनुक बंद करून बघणं, अँटिबॉडी नसलेल्या पद्धतीशी ताडून बघणं, दुसऱ्या एपिटोपची स्वतंत्र अँटिबॉडी लावणं, टॅग लावलेलं प्रथिन व्यक्त करणं, आणि ओढून काढून मास स्पेक्ट्रोमेट्री करणं. पाचही करायला कोणाकडे पैसा नाही. पीएसएसाठी माझ्या मते पहिला आणि तिसरा मिळून पुरतात, केएलके२ ची शेजारी लेन असेल तर.

एलायझाबद्दल तुम्ही "छान चालते" एवढंच लिहिलंय. कशाने चालते? शुद्ध पीएसएची पायरी-पायरीने केलेली स्टँडर्ड कर्व्ह सुंदर येणं ही सुरुवात झाली. सीरममध्ये प्रश्न वेगळे पडतात, आणि त्यांचा उगम १९९१ सालच्या कामात आहे. स्टेनमन यांच्या गटाने आणि लिल्या यांच्या गटाने त्या वर्षी दाखवलं की रक्तातलं पीएसए मुख्यतः अँटिकायमोट्रिप्सिनशी जोडलेलं असतं आणि थोडाच भाग मोकळा असतो. त्याआधीच्या अँटिबॉडी हा भेद न जाणता बनल्या होत्या. शुद्ध प्रथिन १९७९ मध्ये रॉसवेल पार्क इथे वांग, चू आणि सहकाऱ्यांनी प्रोस्टेटच्या ऊतीतून वेगळं केलं होतं, आणि कॅन्सरच्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी १९८६ ची. म्हणजे चाचणी रुळल्यावर काही वर्षांनी कळलं की आपण मोजतोय ते एकजिनसी नाही.

अँटिकायमोट्रिप्सिन पीएसएच्या सक्रिय केंद्राच्या बाजूने बसतं आणि तिथले एपिटोप झाकून टाकतं. त्या बाजूची अँटिबॉडी फक्त मोकळं पीएसए धरते. पाठीमागची अँटिबॉडी दोन्ही धरते. तिसरं एक रूप आहे, अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिनने गिळलेलं. हे मोठं प्रथिन पीएसएला पिंजऱ्यासारखं आत बंद करतं, आणि ते नेहमीच्या कोणत्याच एलायझाला दिसत नाही. एकूण पीएसए मोजायला कॅप्चर (पकडणारी) आणि डिटेक्शन (सिग्नल देणारी), दोन्ही अँटिबॉडी पाठीमागच्या हव्यात, आणि एकमेकींना अडवणार नाहीत इतक्या लांब. मोकळं मोजायचं तर दोनपैकी एक तरी झाकल्या जाणाऱ्या बाजूची हवी. १९९९ मध्ये आयएसओबीएम या ट्यूमर मार्करवर काम करणाऱ्या संस्थेच्या कार्यशाळेचा अहवाल आला, त्यात पीएसएविरुद्धच्या ८३ अँटिबॉडी एकमेकींशी ताडून एपिटोपचा नकाशा मांडला होता. क्लोनचं (तुमची अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीवंशाचं) नाव त्या नकाशात सापडलं तर तुमचे कितीतरी दिवस वाचतात.

जोडी जमली तरी एक खोडी उरते. काही जोड्या मोकळं पीएसए जास्त उत्साहाने धरतात, जोडलेलं कमी. मग एकूण पीएसए तितकंच असलेल्या दोन माणसांचे आकडे वेगळे येतात, कारण मोकळ्याचा वाटा वेगळा. ही खोडी पकडण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची दोन संदर्भ मानकं आहेत: ९६/६७० हे ९० टक्के जोडलेलं आणि १० टक्के मोकळं, आणि ९६/६६८ हे नुसतं मोकळं. दोन्ही समान प्रमाणात तुमच्या एलायझात लावा. आकडे जुळले तर जोडी निष्पक्ष आहे. नुसत्या मोकळ्या पीएसएवर कर्व्ह काढून सीरम मोजणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं.

रिकव्हरीच्या, म्हणजे घातलेलं पीएसए किती परत मिळतं हे बघायच्या, प्रयोगात लोक हमखास फसतात ते वेगळ्याच जागी. वीर्यातून शुद्ध केलेलं पीएसए सीरममध्ये घालतात, तासाभराने मोजतात आणि साठ-सत्तर टक्केच परत मिळालं म्हणून अँटिबॉडीला दोष देतात. ते पीएसए सक्रिय असतं. सीरममध्ये पडताक्षणी अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन त्याला गिळायला लागतं आणि गिळलेलं दिसत नाही. घालून लगेच आणि मग काही तासांनी, असं मोजून बघा. आकडा उतरत गेला तर चोर सापडला. कोऱ्या मॅट्रिक्ससाठी, म्हणजे पीएसए घालून बघायच्या कोऱ्या सीरमसाठी, स्त्रियांचं सीरम घ्या. त्यातही पीएसए शून्य नसतं, पण इतकं अत्यल्प असतं की नेहमीच्या कामाला चालतं.

वीर्याचा नमुना एलायझात घालताना हुक इफेक्ट विसरू नका. पीएसए इतकं असतं की कॅप्चर आणि डिटेक्शन, दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात, सँडविच होतच नाही आणि रंग फिका येतो. मधे न धुता सगळं एकाच टप्प्यात घालायची किट असेल तर अधिकच. लाखपट आणि दहा लाखपट असे दोन तरी डायल्युशन लावा आणि गुणून येणारा आकडा जुळतो का बघा. न्यायवैद्यक प्रयोगशाळांत वीर्याचा डाग ओळखायला पीएसएच्या पट्ट्या वापरतात, तिथे याच कारणाने दाट नमुना निगेटिव्ह दिसू शकतो. शुक्रजंतू नसलेल्या, नसबंदी झालेल्या माणसाच्या बाबतीत या पट्ट्यांचा खरा उपयोग आहे, त्यामुळे तिथे चुकणं महागात पडतं.

ऊतीच्या कापांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण आज ना उद्या तिथे जाल. पॅराफिनमधल्या कापात पीएसए ग्रंथीच्या आतल्या थराच्या पेशींत, पोकळीच्या बाजूला जास्त, दाणेदार दिसतं. बेसल (तळाच्या) पेशी आणि स्ट्रोमा (ग्रंथींमधली आधार देणारी ऊती) कोरे हवेत. शेजारी सेमिनल व्हेसिकलचा (वीर्यकोशाचा) तुकडा मिळाला तर तोही कोरा हवा. माझा तो आवडता निगेटिव्ह कंट्रोल आहे, कारण तो बहुतेकदा त्याच ब्लॉकमध्ये फुकट मिळतो. स्रवणारं प्रथिन असल्यामुळे ते ओघळतं, फिक्सेशन उशिरा झालं तर ग्रंथींभोवतीच्या स्ट्रोमात तपकिरी झाक येते, तिला पॉझिटिव्ह म्हणू नका. निरोगी ग्रंथी गडद रंगते, पण म्हणून तेवढ्यावर अँटिबॉडीचं डायल्युशन ठरवू नका. उच्च श्रेणीच्या गाठीत पेशीमागे पीएसए कमी होतं, हॉर्मोन रोखणाऱ्या उपचारानंतर आणखी कमी, आणि स्मॉल सेल प्रकारात बहुधा नसतंच. फिकट रंगणारी गाठ कंट्रोलमध्ये नसेल तर अँटिबॉडी किती पातळ केली तरी "चालते" असंच दिसतं, आणि ज्या रुग्णात गरज आहे तिथे ती अपयशी ठरते. निगेटिव्ह आलं म्हणून गाठ प्रोस्टेटची नाही असं होत नाही, म्हणून सोबत एनकेएक्स३.१ या प्रोस्टेटच्या दुसऱ्या प्रथिनाची अँटिबॉडी लावतात. आणि उलट, लाळग्रंथीच्या आणि स्तनाच्या काही गाठी पीएसए दाखवतात. उंदरात वाढवलेल्या गाठीच्या कापावर उंदराची मोनोक्लोनल लावली तर सेकंडरी उंदराचं स्वतःचं आयजीजी सगळीकडे रंगवते. तिथे सशाची प्रायमरी घ्या आणि मोकळे व्हा.

घ्यायची वेळ आली तर सगळ्यात आधी प्रथिन तेच आहे ना ते बघा. पीएसए याच तीन अक्षरांत पॉलिसायलिक आम्लही विकलं जातं, मेंदूवर काम करणारे लोक ते घेतात. प्रोस्टॅटिक अ‍ॅसिड फॉस्फटेज हवं असताना पीएसएपी शोधलं तर प्रोसॅपोसिन हाती येतं. युनिप्रॉट या प्रथिनांच्या सूचीतला क्रमांक पाहून मागवा: पीएसए पी०७२८८, केएलके२ पी२०१५१, प्रोस्टेटचं अ‍ॅसिड फॉस्फटेज पी१५३०९.

मग इम्युनोजेन, म्हणजे अँटिबॉडी बनवायला टोचलेला पदार्थ, बघा. छोट्या पेप्टाइडविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी रिड्यूस केलेल्या ब्लॉटवर बहुधा चालते, अखंड पीएसएवर चालेलच असं नाही. वीर्यातल्या शुद्ध पीएसएविरुद्धची उलट. सशाची पॉलिक्लोनल (वेगवेगळे एपिटोप ओळखणाऱ्या अँटिबॉडींचं मिश्रण) दोन्हीकडे चालून जाते, पण केएलके२ चा प्रश्न तिच्यात सगळ्यात टोकदार, आणि पुढची लॉट मागच्यासारखीच असेल याची हमी नाही. दीर्घ काम असेल तर मी रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल घेतो, क्लोनचं नाव छापलेली. नाव न सांगणाऱ्या विक्रेत्याकडून एकाच क्लोनच्या दोन बाटल्या दोन नावांनी विकत घेऊन त्यांना "स्वतंत्र अँटिबॉडी" समजण्याचा धोका असतो.

एलायझासाठी बायोटिन किंवा एचआरपी (सिग्नल देणारं एन्झाइम) हे लेबल स्वतः जोडणार असाल तर बीएसए (गाईचं अल्ब्युमिन), ट्रिस आणि ग्लायसिन नसलेली बाटली मागवा. नाहीतर लेबल त्यांनाच लागतं. सोडियम अझाइड एचआरपीला मारतं, म्हणून जोडलेल्या अँटिबॉडीत ते घालू नका. साधी अँटिबॉडी छोट्या भागांत वाटून उणे वीसला ठेवा, एचआरपी जोडलेली मात्र गोठवू नका, फ्रिजमध्येच ठेवा. आणि बाटलीवर फक्त संशोधनासाठी असं लिहिलेलं असेल तर तिच्यावरून कोणाही माणसाला त्याच्या पीएसएचा आकडा सांगू नका, मित्राला तर अजिबातच नाही.

आत्ता तुमच्याकडे असलेल्या बाटलीपासून सुरुवात करा: उद्या ठिपक्यांची पट्टी, सोबत फक्त सेकंडरीची पट्टी. पहिला ठिपका एकटाच उजळला तर ब्लॉट थांबवा, नाहीतर पुढचं जेल एकच लावा, शुद्ध पीएसए, अँड्रोजेन दिलेल्या एलएनकॅपचं आटवलेलं मीडियम, न दिलेल्याचं मीडियम, पीसी-३ आणि रिकॉम्बिनंट केएलके२, सगळं डीटीटीशिवाय. त्या जेलचा फोटो कडा न कापता, मार्करसकट पाठवा, आणि बाटलीचा क्लोन व लॉट क्रमांक त्याच्या खाली लिहा.